पाहणाऱ्याची सही

१

सोमवारी सकाळी आठ वाजता कोंबवाल्या बाईंनी थंड खोलीचं दार उघडलं, आणि त्यांच्या तोंडावर गारव्याची चापट बसली नाही.

एकोणीस वर्षं ती रोज बसत आली होती. दार उघडायचं, चष्म्यावर वाफ धरायची, क्षणभर डोळे मिटून उभं राहायचं, मग आत जायचं. त्या दिवशी चष्मा स्वच्छ राहिला. उंबऱ्यातूनच एक पाऊल आत टाकलं आणि बुटाखाली पाणी पचकलं.

भिंतीवरच्या पडद्यावर मात्र हिरव्या अक्षरांत 'उणे चाळीस' असंच झळकत होतं. सगळं ठीक असल्याचा हिरवा रंग. बाईंनी पडद्याकडे पाहिलं, ट्रेमधून ठिबकणाऱ्या पाण्याकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं. मग इतक्या वर्षांत कधी न पाहिलेली गोष्ट त्यांनी पाहिली. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ. त्यात शनिवार होता, आणि अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती.

त्या खोलीत झाडांचे कोंब ठेवलेले असत, तांदळाच्या दाण्याएवढे. ज्यांचं बी टिकत नाही अशा झाडांचे. एकदा वितळले की गेले. दोनशे बारा ट्रे होते. बहुतेकांची जुळी प्रत दुसऱ्या संस्थेत होती. अकरा ट्रेंची कुठेही नव्हती, आणि त्यांतल्या तीन झाडांचं मूळ झाडही आता जगात उभं नव्हतं.

दुपारपर्यंत संस्थेत बातमी पसरली की खोली सांभाळणाऱ्या यंत्राच्या गाभ्यात संगणक विभागातल्या लांब्याने शुक्रवारी संध्याकाळी एक प्रोब, म्हणजे देखरेखीचा छोटा प्रोग्रॅम, लावला होता. दोन वाजता दुसरी बातमी आली. त्या प्रोबची फाईल नाहीशी झाली होती.

२

मंगळवारी टाचणीबाईंना फोन आला तेव्हा त्या खिडकीशी बसून चहा पीत होत्या. टेबलाला खुर्च्या दोन होत्या. दुसरीवर सात वर्षांची वर्तमानपत्रं रचलेली होती.

हे टोपणनाव त्यांना संस्थेतच पडलं होतं, कारण कोणाच्याही कामातली चूक त्या टाचणीने उचलावी तशी अलगद उचलून समोर ठेवत, न बोलता. निवृत्तीनंतर चुका उचलायला कोणी उरलं नव्हतं. रविवारी धाकट्या बहिणीचा फोन येई. "ताई, जेवलीस का?" "जेवले." "काय केलंस?" "तेच." एवढ्यावर तो संपे.

यंत्राचा गाभा, म्हणजे सगळ्या कामांना आपापली पाळी वाटून देणारा तळातला प्रोग्रॅम, त्यांनीच लिहिला होता. त्यामुळे विभागप्रमुखाने त्यांना बोलावलं यात नवल नव्हतं. तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला. आता त्यांच्याच जुन्या खोलीत बसत होता.

"बसा मॅडम. तुमचीच खुर्ची आहे," तो म्हणाला.

"माझी ती समोरची. ही पाहुण्यांची," टाचणीबाई म्हणाल्या, आणि पाहुण्यांच्या खुर्चीत बसल्या.

भिंतीवर त्यांच्याच अक्षरातली चौकट अजून होती. 'प्रोब लावण्याचे नियम.' पहिला नियम: लिहिणारा आणि पाहणारा एकच माणूस नसावा. दुसरा: मनाई-यादीतल्या जागी प्रोब लावू नये. काच नुकतीच पुसलेली दिसत होती.

"गुरुवारी समिती बसतेय," प्रमुख म्हणाला. "तुमचा दोन पानी अहवाल पुरे आहे. लांब्याला जावं लागेल असं दिसतंय."

"नुसतं जावं लागेल?"

"असा शेरा बसल्यावर पुढे कुठे गाभ्याला हात लावू देतील त्याला? बिलं छापणाऱ्या यंत्रांवर बसवतील." त्याने टेबलावरचा कागद सरळ केला. तो आधीच सरळ होता. "तुम्ही शेवटचा आठवडा बघा. जुन्या नोंदी उकरायची काही गरज नाही."

टाचणीबाईंनी मान हलवली. बघायची गरज नाही असं ज्याला म्हणतात ते आधी बघायचं, ही त्यांची जुनी खोड होती. पण आधी त्या माणसाला भेटायला निघाल्या.

लांब्या तळमजल्यावरच्या चाचणीच्या खोलीत होता. सव्वासहा फुटांचा, एकतीस वर्षांचा, खांदे पुढे आलेले. विभागात आता तो आणि प्रमुख असे दोघेच. त्याच्या टेबलावर एक मग आणि एक चमचा होता.

"प्रोब तू लावलास?"

"हो मॅडम. शुक्रवारी चार चाळीसला. पंखा मधेच दोन सेकंद अडखळत होता. पाळी मिळायला उशीर होतोय का ते बघायचं होतं."

"चालत्या यंत्रावर?"

"चाचणीच्या यंत्राला तो दोष येतच नाही. महिनाभर बघितलं."

"कुठे लावलास?"

"आतल्या रांगेवर."

कामं आपल्या पाळीची वाट बघत थांबतात ती ही रांग, हे टाचणीबाईंना सांगायला नको होतं. "रांग मनाई-यादीत आहे."

"बाहेरची रांग आहे. आतली नाही. मी तीनदा बघितलं." पहिल्यांदाच त्याने मान वर केली. "बाहेरच्या रांगेच्या इतक्या जवळ लावतोय म्हणून विचारलंही होतं. फाईलच्या डोक्यावर दोन ओळी होत्या."

"कसल्या ओळी?"

"ते आता नाही सांगत. फाईल नाही, म्हणजे ओळीही नाहीत. मी नुसतं तोंडी सांगितलं तर दुसऱ्यावर ढकलतोय असं होईल."

"फाईल तूच पुसलीस असं म्हणतायत."

"म्हणणारच. विभागाचा सामायिक पासवर्ड वापरून पुसलीय ती, सोमवारी नऊ दहाला. पासवर्ड दोघांनाच माहीत आहे. त्यांतला एक मी."

३

थंड खोलीच्या बाहेर एक लाकडी स्टूल आणि दोरीने बांधलेली वही होती. स्टुलावर कोंबवाल्या बाई बसल्या होत्या. आत कोणी नव्हतं, आणण्या-नेण्यासारखंही काही नव्हतं. तरी बसल्या होत्या.

टाचणीबाई जवळच्या पायरीवर टेकल्या. त्यांच्या हातात नोंदींचा छापलेला कागद होता. यंत्रात एक छोटी चिप असते, वीज गेली तरी आतलं जपून ठेवणारी. प्रोबने केलेल्या नोंदी तिच्यात शाबूत सापडल्या होत्या.

"मला एक सांगा," कोंबवाल्या बाई म्हणाल्या. "हा प्रोब म्हणजे नेमकं काय हो? सगळे असं बोलतायत की लांबूने खोलीत बॉम्ब ठेवला."

टाचणीबाईंनी दाराकडे बोट दाखवलं. "तुम्ही इथे बसता. जो आत जाईल त्याची वेळ वहीत लिहिता. त्याला अडवत नाही, विचारत नाही, फक्त लिहिता. प्रोब म्हणजे तेवढंच. प्रोग्रॅमच्या वाटेवर बसवलेला नोंद करणारा."

"मग त्यात वाईट काय?"

"काही नाही. फक्त वहीसाठी त्याला त्याच दारातून आत जावं लागता कामा नये."

कोंबवाल्या बाईंनी वहीकडे पाहिलं.

"समजा वहीचं पान संपलं," टाचणीबाई पुढे म्हणाल्या, "आणि नवी वही आतल्या कपाटात आहे. ती आणायला तुम्ही आत निघालात. पण आत जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद करायची, म्हणजे आता तुमचीही. नोंद करायला पान नाही. म्हणून नवी वही आणायला निघालात. की परत तुमची नोंद."

"आणि मी दारातच उभी राहिले जन्मभर."

"यंत्र तसंच उभं राहिलं. पंचेचाळीस तास. त्याला स्वतःपलीकडे काही दिसेना. पडदा बदलणारंही तेच, भोंगा वाजवणारंही तेच. त्यामुळे पडद्यावर हिरवं राहिलं आणि भोंगा गप्प."

त्यांनी कागदाचं शेवटचं पान वर धरलं. शेवटच्या नोंदीला त्यांनी पेन्सिलने गोल केला होता. शनिवार, अकरा बारा. नोंद क्रमांक चार हजार शहाण्णव.

"हा आकडा आमच्या धंद्यातल्या माणसाला घरच्या दाराच्या नंबरासारखा ओळखीचा असतो," त्या म्हणाल्या. "नोंदींच्या एका पानात बरोबर इतक्याच ओळी मावतात. एक ओळ कमी नाही, एक जास्त नाही. प्रोब साडेअठरा तास नीट चालला, आणि पान भरलं त्या क्षणी यंत्र थांबलं. नवं पान घ्यायला नोंदणाऱ्यालाही रांगेत यावं लागतं, आणि प्रोब नेमका रांगेवर होता."

"म्हणजे लांबूचीच चूक."

"रांग मनाई-यादीत असती आणि तरी त्याने लावला असता, तर त्याची. पण यादीत नुसती बाहेरची रांग आहे. पूर्वी रांग एकच होती. तिचे दोन तुकडे कधी झाले ते मला आठवत नाही." त्या थोडं थांबल्या. "आणि त्याने फाईल पुसली असेल तर मात्र त्याचं काही खरं नाही. सोमवारी नऊ दहाला पुसलीय."

कोंबवाल्या बाई उठल्या. त्यांनी वहीची दोरी सोडवली आणि सोमवारचं पान उघडून टाचणीबाईंच्या मांडीवर ठेवलं.

४

वहीत चार रकाने होते. आत कोण, दाराशी कोण, गेल्याची वेळ, आल्याची वेळ.

"एकट्याने आत जायचं नाही हा इथला पहिल्या दिवसापासूनचा नियम," कोंबवाल्या बाई म्हणाल्या. "एक आत, एक दाराशी. वीस मिनिटं झाली की दाराशीच्याने हाक मारायची. माझ्या विभागात मी एकटीच. लांबू यायच्या आधी मी फाटकावरच्या वॉचमनला बोलवायची. तो नसला तर आतच जायची नाही."

"कधीच नाही?"

"एकदा तीन दिवस नाही गेले. वॉचमनला ताप होता."

सोमवारच्या पानावर ओळीने लिहिलं होतं. आत लांबू, दाराशी मी, आठ चाळीस ते आठ अठ्ठावन्न. आत लांबू, दाराशी मी, नऊ दोन ते नऊ एकवीस. अशा सहा फेऱ्या. भिजलेले ट्रे तो उचलून उसन्या फ्रीजरपर्यंत नेत होता. आत यंत्राला जोडलेली कळफलक-पाटी नाही, हे टाचणीबाईंना ठाऊक होतं. खोलीची आखणी होताना त्यांनीच नको म्हटलं होतं.

"पण सोमवारी खोली वितळलेली होती," त्या म्हणाल्या. "तरी नोंद केलीत?"

"थंड नव्हती म्हणून नियम कसा बदलेल?"

टाचणीबाईंनी ते पान दोनदा वाचलं. नऊ दहाला लांब्या ओले ट्रे उचलत होता, आणि ते पाहणारी बाई हातभर अंतरावर घड्याळ धरून उभी होती. पासवर्ड माहीत असलेले दोघे. एक गळला.

"रडला हो तो," कोंबवाल्या बाई म्हणाल्या. "त्या अकरा ट्रेंपैकी दोन हातात घेऊन. मला वाटलं, मी रडायला हवं, तर हा रडतोय. मला अजून आलेलं नाही."

५

प्रमुखाने ते शांतपणे ऐकून घेतलं. वहीचं पान पाहिलं. मग उठून दार लावलं.

"त्या दोन ओळी काय होत्या?" टाचणीबाईंनी विचारलं. "मीच सांगते, चुकलं तर सांग. पहिली लांब्याची. आतली रांग यादीत नाही, पण बाहेरचीला लागून आहे, लावू का. दुसरी तुझी. लाव. खाली 'पाहणार' म्हणून तुझं नाव."

"'यादीत नाही म्हणजे हरकत नाही,' असं लिहिलं होतं मी." तो खिडकीकडे तोंड करून बोलत होता. "सोमवारी सकाळी बाईंचा फोन आला. मी फाईल उघडली आणि माझंच नाव समोर. हात आपोआप गेला मॅडम. नंतर परत ठेवावीशी वाटली, पण तोवर सगळीकडे झालं होतं. तो पोरगा एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता तर मला सोपं गेलं असतं."

"गुरुवारी तू हे स्वतः सांगशील?"

प्रमुख खिडकीपासून वळला. मग त्याने कपाटातून एक जाड रजिस्टर काढलं आणि टेबलावर ठेवलं. उघडलं मात्र नाही.

"मी न बघता सही केली नव्हती. यादी उघडून एकेक नाव वाचलं होतं. तुमची यादी म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवला, एवढंच. यादी चुकीची होती."

"ती कधी बिघडली ते शोधायचंच आहे."

"जुन्या नोंदी उकरू नका म्हटलं ते मी माझ्यासाठी म्हटलं असं वाटलं ना तुम्हाला?" त्याने रजिस्टर त्यांच्याकडे सरकवलं. "माझं मी बघतो गुरुवारी. पण अहवालात 'यादी' हा शब्द न घालताही लिहिता येईल. लांब्याला ताकीद, मला ताकीद, संपलं. तुम्ही हे उघडलं नाहीत तर मीही उघडणार नाही."

टाचणीबाई रजिस्टर काखेत मारून खाली गेल्या.

६

चाचणीच्या खोलीत दुपारचं ऊन टेबलाच्या कडेपर्यंत आलं होतं. लांब्या ट्रे मोजायला गेला होता.

गाभ्यातला प्रत्येक बदल या रजिस्टरात हाताने लिहिण्याची पद्धत टाचणीबाईंनीच घातली होती. बदल काय, का, लिहिणार कोण, पाहणार कोण. सात वर्षांपूर्वीचं पान शोधायला त्यांना फार वेळ लागला नाही. त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या आठवड्यातलं.

'रांगेचा मोठा तुकडा विभागून बाहेरची व आतली असे दोन केले. वागणुकीत बदल नाही. कारण: नीटनेटकेपणा.'

आता आठवलं. जाण्याआधी घर झाडून ठेवावं तसा तो आठवडा होता. एकशेचाळीस ओळींचा एक लांबलचक तुकडा त्यांच्या डोळ्यांत सलत होता. तो मधून कापला आणि दोन सुबक तुकडे झाले. मनाईची खूण तुकड्याच्या नावाशेजारी लिहिलेली असते, आणि त्या खुणांवरून यंत्र यादी बनवतं. नाव बाहेरच्या तुकड्याकडे राहिलं. खूणही तिथेच राहिली. आतला तुकडा नव्या नावाने, उघड्या अंगाने जगात आला. सात वर्षं कोणी तिथे प्रोब लावला नाही, म्हणून कोणाला कळलं नाही.

लिहिणार: त्यांची सही.

पाहणार: त्यांची सही.

त्यांनी मागची पानं उलटली. चार वर्षांची पानं. दोन्ही रकान्यांत तीच सही, पहिली निळ्या शाईत, दुसरी हिरव्या. प्रमुख तेव्हा दुसऱ्या केंद्रावर होता, बाकीचे सोडून गेले होते, नवं माणूस मिळत नव्हतं. विभागात त्या एकट्या. नियम मोडायचा नाही म्हणून त्यांनी एक रीत बसवली होती. लिहून झालं की उठायचं, चहा करायचा, खिडकीतून थोडं बाहेर बघायचं. मग आपल्या खुर्चीत न बसता पाहुण्यांच्या खुर्चीत बसायचं, हिरवं पेन घ्यायचं आणि परक्या माणसाचं काम असावं तसं पहिल्या ओळीपासून वाचायचं. त्यांना ते खरोखर दुसरं माणूस वाटायचं. कधीकधी त्या तिच्याशी बोलतही. "इथे काय म्हणायचंय तुम्हाला?" असं विचारत, आणि उत्तर देत.

ती पाहणारी त्यांच्याइतकीच हुशार होती. आणि त्यांना जे दिसलं नाही, ते तिलाही दिसलं नाही.

खिशातला फोन वाजला. बहीण. रविवार नव्हता.

"ताई, परत कामाला गेलीस म्हणे. शेजारच्या काकू म्हणाल्या. बरं वाटतंय का?"

"चोर सापडला."

"कोण होतं?"

टाचणीबाई हिरव्या सहीकडे बघत राहिल्या. "जुन्या ओळखीची होती एक," त्या म्हणाल्या. "मग सांगते."

अहवाल त्यांनी तिथेच बसून लिहिला. दोन पानं. पहिल्या परिच्छेदात स्वतःचं नाव, तारीख, तुकडा, हरवलेली खूण. दुसऱ्यात, दोन्ही सह्या माझ्या आहेत, आणि नियम मीच लिहिला होता. तिसऱ्यात फाईल, नऊ दहा, थंड खोलीची वही. शेवटी, लांब्याचा दोष नाही. 'लिहिणार' खाली निळी सही केली. 'पाहणार' चा रकाना कोरा ठेवला.

लांब्या आला तेव्हा त्यांनी कागद त्याच्यापुढे सरकवले. "वाच. बरोबर आहे का बघ."

त्याने वाचलं. पहिल्या परिच्छेदाशी त्याचे डोळे परत परत जात राहिले.

"मॅडम, हे कोणी मागितलेलं नाही तुमच्याकडे."

"ते विचारलं नाही. बरोबर आहे का ते विचारलं."

मग तो खरंच वाचायला बसला. नोंदी काढल्या, वही मागवली, वेळा जुळवल्या. पाऊण तास गेला. टाचणीबाई समोर बसून राहिल्या. आपण लिहिलेलं दुसरं कोणी वाचत असताना गप्प बसणं किती अवघड असतं हे त्या विसरून गेल्या होत्या.

"एक चूक आहे," तो शेवटी म्हणाला.

"कोणती?"

"माझा दोष नाही असं लिहिलंत. चाचणीच्या यंत्रावर मी प्रोब तासभरच चालवून बघितला. पान भरेपर्यंत चालवला असता तर तिथेच कळलं असतं. तेवढं घाला. नाहीतर मी सही नाही करणार."

टाचणीबाईंनी पेन उचललं आणि शेवटचं वाक्य खोडून त्याने सांगितलं तसं लिहिलं. त्याने पुन्हा वाचलं. मग दुसऱ्या रकान्यात सही केली. त्याचं अक्षर मोठं आणि तिरकं होतं, त्यांच्या अक्षराशी त्याचं काडीचंही साम्य नव्हतं.

७

गुरुवारी प्रमुखाने समितीपुढे आपण होऊन सांगितलं, आणि त्याचं पद गेलं. लांब्या राहिला, एका ओळीच्या ताकिदीसह. आतल्या रांगेला खूण लावण्याचं काम त्यालाच मिळालं. पाहणारा कोणी नाही म्हणून त्याने ते बदलाचं काम अडवून धरलं, तेव्हा समितीने नाइलाजाने एक माणूस मंजूर केलं. टाचणीबाईंची चौकट भिंतीवरून उतरवली. त्यांचे आभार मानणारं पत्र सभ्य आणि छोटं होतं, आणि पुन्हा बोलावू असं त्यात कुठेही नव्हतं.

पत्र घेऊन त्या बाहेर पडत होत्या तेव्हा कोंबवाल्या बाईंनी हाक मारली.

"अहो, वीस मिनिटं आहेत का? खोली परत उणे चाळीसला आलीय. उरलेले ट्रे आत लावायचेत. लांबू कामात आहे, वॉचमन जेवायला गेलाय."

"आत मी येऊ?"

"तुम्हाला काय झेपणार ते. दाराशी उभ्या राहा फक्त."

कोंबवाल्या बाईंनी हातमोजे चढवले, दार उघडलं, चष्म्यावर वाफ धरली, क्षणभर डोळे मिटले आणि आत गेल्या. दार लागलं. टाचणीबाईंनी वही उघडली. आत: कोंबवाल्या बाई. दाराशी, या रकान्यात त्यांनी आपलं नाव लिहिलं. वेळ लिहिली. मग स्टुलावर न बसता घड्याळ हातात धरून दारातल्या काचेपाशी उभ्या राहिल्या. आत धुक्यात एक पाठ ट्रे लावताना दिसत होती.

वीस मिनिटं त्यांनी दुसरीकडे पाहिलं नाही.